पाण्यातल्या बाभळींचा शेजार

भादलवाडीचा तलाव आधी नाकाला कळतो. बांध चढायच्या आतच कुजलेल्या मासळीचा आणि ओल्या विष्ठेचा उग्र दर्प येतो. मग पिल्लांचा कलकलाट कानी पडतो, आणि पाखरं सगळ्यात शेवटी दिसतात. बांधावर पोचलं की समोर पाण्यात बुडालेल्या काटेरी बाभळी, आणि त्यांच्यावर पानांपेक्षा पक्षी जास्त.

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर भिगवण आहे. त्याच्याजवळच, इंदापूर तालुक्यात, हा ब्रिटिश काळातला तलाव. भिगवण महाराष्ट्राला ठाऊक आहे ते रोहित पक्ष्यांमुळे. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडी मिळायची पंचाईत होते, इतकी माणसं येतात. ऊन तापू लागलं की ही गर्दी ओसरते, आणि त्याच सुमारास भादलवाडीत चित्रबलाकांची वीण भरात येते. एप्रिल-मे महिन्यांत, माणूस दुपारी सावली सोडायला तयार नसतो तेव्हा, हे पक्षी उघड्या शेंड्यांवर पिल्लं वाढवत असतात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘शेजार’ हा विषय दिला, तेव्हा मला ही झाडं आठवली. एकाच बाभळीवर दहा-दहा संसार, वर उघडं आभाळ, खाली शेतीसाठी साठवलेलं पाणी, आणि बांधापलीकडे उसाचे फड. पक्ष्यांचा पक्ष्यांशी शेजार आणि पक्ष्यांचा माणसांशी शेजार, असे दोन शेजार इथे एकाच पाण्यावर उभे आहेत. ते कसे चालतात हे बघायचं म्हणून दुर्बीण, पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन बांधावर जाऊन बसले.

चित्रबलाक हा आपल्याकडचा सर्वांत देखणा करकोचा. उभा राहिला की तीन फुटांहून उंच. लांब, टोकाशी किंचित वाकलेली पिवळी चोच, पिसं नसलेला नारिंगी-तांबडा चेहरा, छातीवर काळा-पांढरा पट्टा आणि पाठीमागे शेपटीपाशी गुलाबी पिसांचा झुबका. विणीच्या दिवसांत चेहऱ्याचा तांबडा रंग आणखी गडद होतो. चामढोक असंही त्याचं एक मराठी नाव आहे. पक्ष्यांनी एकत्र घरटी केलेल्या अशा वसाहतीला मारुती चितमपल्लींनी सारंगागार म्हटलं आणि पक्षी पाहणाऱ्या मराठी माणसांच्या तोंडी तो शब्द रुळला. भादलवाडीच्या सारंगागारात राखी बगळे, पाणकावळे, रातबगळे असे इतरही बिऱ्हाडकरू असतात, पण वसाहत चित्रबलाकांची.

चोच पोचणार नाही इतकं लांब

दुर्बिणीतून पहिल्यांदा बघताना सगळी नुसती गर्दी दिसते. थोड्या वेळाने त्या गर्दीतली शिस्त लक्षात येऊ लागते. दोन घरट्यांमधलं अंतर ठरवायचं माप एकच आहे: घरट्यात बसल्या जागेवरून शेजाऱ्याची चोच आपल्यापर्यंत पोचता कामा नये. त्याहून जास्त जागा सोडणं परवडत नाही, कारण पाण्यात उभी असलेली झाडं मोजकीच आहेत.

शेंड्यावरच्या जागा चित्रबलाकांच्या. पंख पसरले की हा पक्षी पाच फूट भरतो, त्यामुळे उतरताना आणि उडताना त्याला मोकळं आभाळ लागतं. रातबगळ्याला फांद्यांच्या आत, सावलीत राहायला आवडतं. पाणकावळे मिळेल त्या बेचक्यात घर करतात. एकाच झाडावर असे मजले पडतात आणि निरनिराळ्या जातींची आपसात फारशी भांडणं होत नाहीत. भांडण व्हायचं ते बहुतेक स्वजातीयाशीच, कारण हवी ती जागा आणि हवी ती काडी दोघांची एकच असते.

जागा आधी नर धरतो. मादी आली की लगेच तिला घरात घेत नाही, चोच रोखतो. ती पंख अर्धवट उघडून, मान खाली करून पुन्हा पुन्हा जवळ येत राहते. तो तिच्याकडे बघितलं न बघितलं करत पंखाची पिसं चोचीने साफ केल्यासारखं करतो. कधीतरी ती त्याच्याशेजारी उभी राहते आणि त्यानंतर दोघं मिळून ती जागा राखू लागतात. काड्या बहुतकरून नराने आणायच्या आणि मादीने रचायच्या. नर काडी घेऊन उतरला की दोघंही चोच वर-खाली करून एकमेकांचं स्वागत करतात. एकमेकांना रोज शेकडो वेळा बघणाऱ्या या जोड्या प्रत्येक परतीला ते स्वागत करतात, आणि मला ते बघायचा कंटाळा आला नाही.

काड्यांची चोरी सर्रास चालते. योग्य जाडीच्या वाळक्या काड्या तलावाच्या आसपास लवकरच संपतात, मग लांबून आणाव्या लागतात. त्यापेक्षा शेजारच्या घरट्यातून ओढलेली काडी स्वस्त पडते. शेजारी उडून गेला आणि घर रिकामं राहिलं, तर थोड्याच वेळात ते विस्कटायला लागतं. म्हणून घरट्यात दोघांपैकी एक जण सतत हजर असतो. काडी टाकण्यापासून पिल्लं बऱ्यापैकी मोठी होईपर्यंत हा पहारा सुटत नाही. एक जोडीदार मेला किंवा वेळेवर परतला नाही, तर दुसऱ्याने राखण करायची की मासे आणायचे? एकट्याच्याने ते होत नाही आणि ते घर बुडतं.

मग एवढा त्रास सोसून एकत्र का राहायचं? एक कारण समोरच दिसतं. बुंध्याभोवती पाणी आहे, त्यामुळे मांजर, मुंगूस, कोल्हा, गावातली कुत्री यांना वर येता येत नाही. अशी सुरक्षित झाडं थोडी, त्यामुळे जे येतात ते सगळे तिथेच येतात. दुसरं कारण राखणीचं. कावळा आणि घार अंड्यांवर टपून असतात, आणि शंभर जोड डोळे एका जोडीपेक्षा लवकर बघतात. तिसरं कारण बांधावर बसून हळूहळू जाणवतं. मासे कुठे मिळताहेत हे एकाला कळलं की ते सगळ्यांना कळतं. सकाळी पहिल्यांदा जे उठतात, त्यांच्या दिशेने मागचे निघतात. वसाहत म्हणजे पक्ष्यांची बातमी मिळण्याची जागा असावी, हा पक्षिशास्त्रज्ञांचा जुना तर्क आहे, आणि भादलवाडीची सकाळ बघताना तो पटतो.

आधी आलेलं आणि मागून आलेलं

अंडी दोन ते पाच, बहुधा तीन-चार. पांढरीशी, लवकरच मळलेली. पहिलं अंडं घातलं की लगेच उबवणं सुरू होतं, पुढची अंडी एक-दोन दिवसांच्या अंतराने येतात. साधारण महिन्याने पिल्लं बाहेर पडू लागतात तीही याच अंतराने. त्यामुळे एकाच घरट्यात थोरलं आणि धाकटं असा फरक पहिल्या दिवसापासून असतो, आणि पुढचं सगळं त्या फरकावर ठरतं.

भरवण्याची रीत जातीजातीची वेगळी. पाणकावळ्याचं पिल्लू आईबापाच्या घशात आख्खं डोकं घालतं आणि आतूनच खातं. राखी बगळ्याचं पिल्लू मोठ्याची चोच आडवी पकडून खाली ओढतं, तेव्हा कुठे मासा बाहेर येतो. चित्रबलाक तसं काही करत नाही. तो घरट्याच्या मधोमध मान वाकवतो आणि पोटातले मासे घरट्याच्या तळावर ओकतो. पिल्लांनी आपापले उचलायचे. कुणाला किती मिळालं हे आईबाप बघत नाहीत.

तीन पिल्लांच्या एका घरट्यावर मी बराच वेळ दुर्बीण ठेवली. थोरल्याची मान आता लांब झाली होती आणि अंगावरच्या पांढऱ्या लवेतून करडी पिसं डोकावत होती. मधलं त्याच्या जवळपास होतं. धाकटं मात्र अजून दोघांच्या पायांत घुटमळत होतं. मादी उतरली की तिघंही माना हलवत घोगऱ्या आवाजात ओरडत. मासे पडले की थोरलं दोन गिळून तिसऱ्याला चोच लावी, मधलं उरलेला ओढी. धाकट्याच्या वाट्याला एखादा बोटभर मासा यायचा, तोही नेहमी नाही. मोठा मासा आला तर दोघं दोन टोकं धरत आणि ओढाताणीत तो घरट्याच्या काठावरून खाली पाण्यात पडे. धाकटं काठावर येऊन खाली बघत राही.

हे बघवत नाही, आणि तरी त्यातलं कारण कळतं. आईबापांना पुढच्या दोन महिन्यांत किती मासे मिळतील हे अंडी घालताना ठाऊक नसतं. पाणी चांगलं उतरलं, मासळी भरपूर मिळाली तर चारही पिल्लं जगतात. मासळी कमी पडली तर चौघंही अर्धपोटी मरण्याऐवजी धाकटी जातात आणि थोरली वाचतात. सारंगागाराच्या खाली पाण्यात तरंगणारी लहान पिल्लं दिसली की बघणारे हळहळतात, रोगराई आली म्हणतात. कधी खरोखर रोगही येतो. पण पुष्कळदा ते त्या वर्षीच्या मासळीचं मापच असतं. ज्या वर्षी घरट्यागणिक तीन पिल्लं उडतात ते वर्ष पाण्याचं चांगलं गेलं, असं खुशाल समजावं.

मोठा चित्रबलाक जवळजवळ मुका आहे. चोचीचा खडखडाट करतो, कधी घशातून हलका आवाज काढतो, बस्स. बांधावर ऐकू येणारा सगळा गोंगाट पिल्लांचा असतो. हीच पिल्लं मोठी होत जातात तसतशी गप्प होतात.

दुपार

अकराच्या पुढे वसाहतीचं रूप बदलतं. पारा चाळिशीच्या पलीकडे गेलेला असतो आणि शेंड्यावर सावलीचं नाव नसतं. लहान पिल्लांच्या अंगावर ऊन अडवेल असं पीस अजून आलेलं नसतं. उघड्यावर राहिली तर ती फार वेळ तग धरत नाहीत. मग घरट्यातला पक्षी सूर्याकडे पाठ करून उभा राहतो, दोन्ही पंख छत्रीसारखे अर्धे उघडून खाली सोडतो, आणि त्या सावलीत पिल्लं एकमेकांना चिकटून बसतात. सूर्य सरकतो तसा तो पक्षीही जागच्या जागी वळत जातो. चोच उघडी, घसा थरथरतोय, पण जागा सोडत नाही. आपल्याच पायांवर तो विष्ठा सोडतो. ओल्या पायांवरून पाणी उडून जाताना अंग थोडं निवतं. दुपारी बघितलेल्या प्रत्येक चित्रबलाकाचे पाय म्हणूनच पांढरे दिसतात.

बाहेर गेलेला जोडीदार परततो तो कधी मासे न घेता. घरट्यावर उभा राहतो आणि घशातून आणलेलं पाणी पिल्लांच्या अंगावर सोडतो. पिल्लं चोची वर करून पितातही. आपल्या घशातून पाण्याची खेप आणून पिल्लांना न्हाऊ घालणारा पक्षी मी इथेच पहिल्यांदा बघितला, आणि या वसाहतीत बघण्यासारखं दुसरं काही नसतं तरी तेवढ्यासाठी मी आले असते.

म्हणून सारंगागार बघायचं ते बांधावरूनच. झाडांजवळ होडी नेली, ड्रोन उडवला, बघायला मजा म्हणून फटाका वाजवला, तर मोठे पक्षी एकदम उठतात. ते दहा-पंधरा मिनिटांनी परततात. पण तेवढ्यात कावळ्याने अंडी फोडलेली असतात आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना ऊन लागलेलं असतं. जरा मोठी पिल्लं संकट आलं की पोटातलं सगळं ओकतात आणि घरट्याच्या तळाशी मान टाकून मेल्यासारखी पडून राहतात. छायाचित्र चांगलं येतं, आणि त्या पिल्लाचं एक जेवण गेलेलं असतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी नासवणंही येतं. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

उजनी उतरते तेव्हा

पिल्लांसाठी मासे बहुतांशी या तलावातून येत नाहीत. ते येतात काही किलोमीटरवरच्या उजनीतून. सकाळी ऊन चढून हवा तापली की चित्रबलाक झाडं सोडतात. पंख न मारता तापल्या हवेच्या झोतावर गोल गोल वर चढतात आणि मग एका रेषेत घरंगळत जातात. बगळे पहाटेच पंख मारत निघून गेलेले असतात. चित्रबलाकाला फुकट वर नेणारी हवा हवी असते, म्हणून तो थांबतो.

मासे धरायची त्याची पद्धत डोळ्यांची नाही, स्पर्शाची आहे. उथळ पाण्यात तो चोच अर्धवट उघडी ठेवून बुडवतो, डावीकडून उजवीकडे फिरवतो, पायाने गाळ ढवळतो, कधी पंख झटकन उघडून माशाला हुसकतो. चोचीच्या आत काही लागलं की ती मिटते. त्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदावर, म्हणजे वूड स्टॉर्कवर, पक्षिशास्त्रज्ञ फिलिप काल यांनी १९६४च्या सुमारास प्रयोग केले. स्पर्श झाल्यापासून चोच मिटेपर्यंत सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो, असं त्यांना आढळलं. त्यामुळे गढूळ पाणीही या पक्ष्याला चालतं. पण या पद्धतीची एक अट आहे. मासे दाटीने असले पाहिजेत. खोल, पसरलेल्या पाण्यात नुसती चोच फिरवून चोचीला मासा कितीदा लागणार?

फ्लोरिडात काल यांना दिसलं की वूड स्टॉर्कची वीण पाणी ओसरण्याच्या काळाशी बांधलेली आहे. दलदल आटत जाते, मासे डबक्यांत कोंडतात, आणि त्याच आठवड्यांत पिल्लांची भूक सर्वांत मोठी असते. आपल्याकडे उजनीत हेच घडतं, फक्त इथे पाणी ओसरवतो तो माणूस. १९८० साली पूर्ण झालेलं हे भीमेवरचं धरण ११७ टीएमसीचं. पुणे जिल्ह्यातल्या धरणांचं पाणी आलं की पावसाळ्याच्या शेवटी ते भरतं. मग कालवे सुटतात, खाली नदीत पाणी सोडलं जातं आणि उन्हाळ्यात साठा खाली खाली जातो. कित्येक वर्षी तो वजा टक्क्यांत जातो आणि वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येतात. काठची जमीन उघडी पडते, शेतकरी तिथे गाळपेर करतात, खोलगट जागी डबकी राहतात आणि त्यांत बोटाएवढी चिलापी आणि इतर बारीक मासळी अडकते. सोलापूरकरांना ज्या उजनीची काळजी लागलेली असते, त्या उतरत्या उजनीच्या काठावर भादलवाडीची पिल्लं वाढतात.

हाच पक्षी भरतपूरला पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरकडे घरटी बांधतो, कारण तेव्हा केवलादेवचं पाणथळ भरतं आणि नवी मासळी उथळ पाण्यात पसरते. तमिळनाडूतल्या वेदांतंगळला ईशान्य मोसमी पाऊस झाल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाला वसाहत भरते. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात तर १९६०पासून रानातले चित्रबलाक आपणहून येऊन तळ्यातल्या बेटांवर घरटी करतात. संग्रहालय उघडून तेव्हा वर्षही नीट झालं नव्हतं. महिने निराळे, गावं निराळी. हिशोब मात्र सगळीकडे तोच: बुंध्याखाली पाणी आणि उडून जाता येईल इतक्या अंतरावर उथळ पाण्यात दाटलेले मासे.

म्हणून भादलवाडीची काळजी करताना उजनीकडे बघावं लागतं. तिथे बारीक आसाच्या वडाप जाळ्यांनी लहान मासळी खरवडून नेण्याचा जो बेकायदा धंदा चालतो, त्याने मच्छीमारांची पुढच्या वर्षीची मासळी जाते आणि पक्ष्यांची आजची. मच्छीमार स्वतःच या वडापाविरुद्ध तक्रारी करत आले आहेत. पक्षिमित्रांनी त्यांच्या बाजूने उभं राहावं, इतका हा दोघांचा सरळ एकच प्रश्न आहे.

झाड मरतं

वसाहत आपलं झाड आपणच मारते. शेकडो पक्ष्यांची विष्ठा महिनोन्‌महिने पानांवर आणि बुंध्याभोवती पडते. पाणी त्याने सुपीक होतं, शेवाळ वाढतं, बारीक जीव वाढतात, पण इतका मारा झाडाला सोसत नाही. पानं करपतात, फांद्या वाळतात. बाभूळ चिवट म्हणून पाण्यात पाय बुडवून आणि डोक्यावर हे सगळं घेऊनही वर्षानुवर्षं उभी राहते. तरी शेवटी ती वठते. वठलेल्या झाडावरही घरटी होतात, आणि मग मे महिन्यात वळवाचं वादळ येतं. एक वाळकी फांदी मोडली तर तिच्याबरोबर चार-पाच घरटी पाण्यात जातात. आधी मरणाऱ्या धाकट्या पिल्लांसारखी ही पिल्लं अशक्त नसतात, ती उडायच्या बेतात आलेली असतात.

भादलवाडीत जुनी झाडं पडताहेत आणि त्यांच्या जागी नवी पाण्यात उभी नाहीत. तलाव ओला असतो तेव्हा बी रुजत नाही. तो कोरडा पडतो तेव्हा शेळ्या रोपं ठेवत नाहीत. पक्षी मग जागा शोधतात. इंदापूर शहरातल्या जुन्या चिंचांवरही चित्रबलाक घरटी करतात, वर्दळीच्या वस्तीत. झाड रस्त्याच्या कडेचं किंवा अंगणातलं असलं की पाण्याची राखण संपते आणि माणसांची मर्जी सुरू होते. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ साली महामार्ग रुंद करताना एक चिंच घरट्यांसकट पाडली गेली, आणि रस्त्यावर आपटून मेलेल्या पिल्लांचं चित्रीकरण देशाने पाहिलं. पिल्लं उडेपर्यंत काही आठवडे थांबता आलं असतं, पण त्या क्षणी कुणी थांबलं नाही.

जिथे करार झाला

वेदांतंगळची गोष्ट मला फार मोलाची वाटते. चेन्नईच्या दक्षिणेला असलेलं हे छोटं तळं, जेमतेम तीस हेक्टरांचं. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रज शिपाई तिथे पक्षी मारायला येत. गावकरी जिल्ह्याचा कलेक्टर लायोनेल प्लेस याच्याकडे गेले आणि १७९८ साली या पक्ष्यांना कुणी मारू नये असा हुकूम त्यांनी मिळवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. पक्ष्यांची विष्ठा पडलेलं पाणी शेतात गेलं की भात जोमाने येतो. देशात पक्षी अभयारण्य नावाची गोष्ट माहीत नव्हती, तेव्हा खताचा हिशोब मांडून एका गावाने सारंगागार राखलं. आजही तिथली झाडं तळ्यातच उभी आहेत.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेल्लूर आहे. तिथे तळं नाही. गावातल्या चिंचांवर, घरांच्या छपरांवर झुकलेल्या फांद्यांवर चित्रबलाक आणि पेलिकन घरटी करतात. पक्षी आले की गावकरी त्यांना बाळंतपणाला आलेल्या लेकी मानतात. झाडांखाली खड्डे करून, त्यांत गाळ घालून विष्ठेचं खत करतात. चिंचेचं पीक मात्र सोडावं लागतं, आणि त्याबद्दल झाडमालकांना वनखात्याने भरपाई द्यायला सुरुवात केली. १९९४मध्ये गावच्या पोरांनी हेज्जार्ले बळग, म्हणजे पेलिकनचे सोबती, असा गट केला. घरट्यातून पडलेली पिल्लं ते कुंपणात ठेवून, मासे घालून वाढवत आणि पंख फुटले की सोडून देत. लेकीची माया आणि चिंचेची भरपाई, दोन्ही हातात हात घालून चालली, म्हणून ते गाव पक्ष्यांचं राहिलं.

भरतपूरला ते जमलं नाही. गंभीर नदीवर वर पांचना धरण झालं. दुष्काळाच्या वर्षांत त्याचं पाणी सोडायला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि जगप्रसिद्ध केवलादेव कोरडं पडलं. चित्रबलाकांची वीण तिथे होऊ शकली नाही. शेतकरी चुकीचं मागत होते असं मला वाटत नाही. पण पक्ष्यांच्या वाट्याचं पाणी कुणी आधी लिहून ठेवलेलं नसलं, की टंचाईत ते सर्वांत आधी जातं.

पाणी कुणी किती ठेवायचं

भादलवाडीच्या बांधावर संध्याकाळी गुरं घेऊन येणारे एक तात्या भेटले. त्यांनी या तलावात पक्षी असलेली आणि नसलेली, दोन्ही वर्षं बघितलीत. पाऊस दगा देतो त्या वर्षी तलाव भरत नाही, बाभळींखालची जमीन उघडी राहते आणि पाखरं इथे संसार मांडत नाहीत. हंगामाच्या मध्येच पाणी आटलं तर बुंध्यापर्यंत कुत्री चालत येतात. ‘‘पानी हाय तवर पाखरं,’’ तात्या म्हणाले, आणि लगेच पुढे, ‘‘पन ऊस बी पान्यावरच हाय.’’

हिशोब असा बसतो. पहिल्या काडीपासून पिल्लू उडेपर्यंत एका जोडीला साधारण साडेतीन महिने लागतात: काडी जमवणं आणि अंडी घालणं, मग महिनाभर उबवणं, मग दोन महिने पिल्लाचे. उडायला लागल्यावरही पिल्लू काही आठवडे घरट्यावर परत येऊन आईबापांकडे खायला मागतं. सगळ्या जोड्या एकाच दिवशी येत नाहीत. मागून आलेल्यांची पिल्लं उडायला पावसाळा उजाडतो. तलाव पूर्ण भरलेला असायची गरज नाही. बाभळींच्या राईभोवती कुत्र्याला चालत येता येणार नाही इतकं पाणी, शेवटचं पिल्लू उडेपर्यंत, एवढीच पक्ष्यांची मागणी आहे. त्या पातळीची खूण दगडावर रंगवता येते. त्याखाली पाणी गेलं की मोटारी बंद, असा ठराव ग्रामपंचायत, पाटबंधारे खातं आणि लाभधारक शेतकरी मिळून करू शकतात. वेदांतंगळच्या लोकांनी कलेक्टरकडून लिहून घेतलं होतं, तसं हेही कागदावर यायला हवं, कारण चांगल्या पावसाच्या वर्षी त्याची आठवण कुणाला होत नाही.

झाडांचा प्रश्न याहून निकडीचा आहे, आणि त्याला उत्तर आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत तलावांतला गाळ यंत्रांनी काढून शेतात टाकला जातो. तो काढताना सगळा तळ सपाट न करता तलावाच्या आत काही उंचवटे राखले, तर त्यांच्यावर बाभूळ लावता येते. केवलादेवमध्ये बाभळींसाठी असेच मातीचे उंचवटे केलेले आहेत. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि त्यांच्या लेंडीतून पडलेलं बी चांगलं रुजतं, त्यामुळे बियाणं गावातच आहे. पहिली दोन वर्षं काटेरी कुंपण लागेल, नाहीतर त्याच शेळ्या रोप खातील. त्यानंतर बाभूळ स्वतःला सांभाळते.

चित्रबलाकाचं पिल्लू करड्या-तपकिरी रंगाचं उडतं, अंगावर गुलाबी पीस एकही नसतं. रंग भरायला आणि स्वतःचं घरटं मांडायला त्याला तीन-चार वर्षं लागतात. बाभळीला इतकी घरटी पेलायला त्याच्या दुप्पट-तिप्पट. यंदा उडालेली पिल्लं पहिल्यांदा काडी घेऊन येतील तेव्हा आज लावलेलं झाड त्यांना बसायला पुरणार नाही, आणि आज उभ्या असलेल्या झाडांतली काही पडलेली असतील. तेवढ्या वर्षांपुरता पाण्यात बांबूची किंवा लोखंडी मचाणं उभी करण्याचा पर्याय वनखात्याने तपासायला हरकत नाही. तोवर उंचवटे आणि रोपं व्हायला हवीत.

तात्यांना मी उंचवट्यांचं विचारलं. गाळ ते दोन ट्रॉल्या घेऊन गेले होते, त्यांच्या रानात तो चांगला मानवला होता. मधे चार ढिगारे सोडायला शेतकऱ्यांची ना असेल का? ‘‘ना कशापायी?’’ ते म्हणाले. ‘‘मशीन लावायच्या आदी येऊन सांगितलं पायजे. मशीन लागल्यावर कोन थांबवनार?’’